इंजिनाचा कान आणि एक बोल्ट

घाटाच्या चढणीवर गिअर न उतरवता अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला, म्हणजे बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा जो आवाज येतो, आणि ज्यास आपले मिस्त्री ‘इंजिन नॉक करतंय’ एवढ्या तीन शब्दांत निकालात काढतात, तो एखादा भाग सैल झाल्याचा नसून सिलिंडरातील ज्वलनाची शिस्त बिघडल्याचा आवाज असतो. ठिणगीपासून निघालेली ज्योत क्रमाने पुढे सरकत असताना, तिच्या पुढ्यात कोंडलेले तप्त मिश्रण तिची वाट न पाहता आपणहून एकदम पेटते, आणि त्या धक्क्याने उठलेल्या दाबलहरी दहनकक्षाच्या भिंतींवर आपटत राहतात. त्यांची कंपनसंख्या मुख्यतः सिलिंडरच्या व्यासावर ठरते: ९९ मिलिमीटर व्यासाला सेकंदाला सुमारे साडेपाच हजार, ७० मिलिमीटरला जवळजवळ आठ हजार.

हा आवाज टिपून संगणकाला वर्दी देणारा जो नॉक सेन्सर, त्याचे मर्म पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिलेल्या गुणधर्मात आहे; काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्‌भार प्रकट होतो. वर्दी पोचताच संगणक ठिणगी काही अंश उशिरा पाडण्याचा हुकूम सोडतो आणि पिस्टन वाचतो.

इंजिन बदलताना मात्र या कानाची फार हेळसांड होते. अमेरिकेत जुन्या गाडीत जनरल मोटर्सचे व्ही-आठ इंजिन बसवण्याचा शौक मोठा आहे. १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर आलेल्या ‘एल-एस-१’ मध्ये हे सेन्सर दोन रांगांमधील खळग्यात, इनटेक मॅनिफोल्डखाली असत, आणि ते ठराविक कंपनसंख्येलाच जोमाने प्रतिसाद देणारे होते. पुढील पिढीत ते ब्लॉकच्या बाजूंवर आले आणि विस्तृत पट्टा ऐकणारे झाले. नव्या पिढीचे इंजिन जुन्या संगणकाला जोडणाऱ्याने केवळ वायरिंगची तजवीज केली, तर कान एका जातीचा आणि ऐकणारा दुसऱ्या जातीचा अशी अवस्था होते.

बाजूंवर बसणारा हा सेन्सर भोकाच्या चकतीसारखा असतो व आठ मिलिमीटरच्या बोल्टने आवळला जातो. सर्वसाधारण दंडक २० न्यूटन-मीटरचा; कोरड्या आट्यांवर एवढ्याने बोल्टमध्ये अदमासे सव्वा टनाचा ताण येतो, आणि त्या ताणानेच सेन्सर व ब्लॉक जणू एकसंध धातू होतात. आट्यांना तेल लावले तर तोच पाना कितीतरी अधिक ताण देतो. दुरुस्त केलेल्या ब्लॉकवर हौसेने चढवलेला रंग बसण्याच्या जागेवरून रुपयाएवढा खरवडून चकचकीत धातू उघडा करावा लागतो. मधे वॉशर घालू नये, स्प्रिंग वॉशर तर नाहीच. जो वॉशर इतरत्र बोल्ट सैल होऊ नये म्हणून घालतात, तोच येथे कंपने गिळतो.

बोल्ट ढिला राहिला तर नॉक होत असूनही संगणक गाफील राहतो. उलट सेन्सरचा प्लग शेजारच्या पट्टीला घासत असेल किंवा टॅपेट वाजत असतील, तर निरपराध इंजिनावर आळ येऊन ठिणगी विनाकारण मागे खेचली जाते आणि गाडीचा दम जातो. त्यातला पहिला दोष मला अधिक घातक वाटतो, कारण दुसऱ्याची तक्रार चालकच करतो. पहिल्याचा पुरावा वितळलेल्या पिस्टनवर मिळतो. या कटकटीला कंटाळून सेन्सरच्या जागी रोधक जोडून संगणकाची फसवणूक करणारेही आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

इतरांना विनंती एवढीच, की टॉर्क पाना नसेल तर तो उसना आणावा, आणि एल-एस-१ असेल तर हे काम मॅनिफोल्ड चढवण्यापूर्वी उरकावे. नंतर त्या सेन्सरपर्यंत हात पोचण्यासाठी अख्खे मॅनिफोल्ड पुन्हा उतरवावे लागते.