किडनी बदलून आलेल्या माणसाची घरची शुश्रूषा

आपल्याकडे कोणी इस्पितळातून घरी आले की पहिल्याच दिवशी अंगण माणसांनी भरते. कोणी शहाळे आणते, कोणी केळी, कोणी कोंबडीचा रस्सा. आजाऱ्याची विचारपूस करणे हा आपला जुना आणि चांगला रिवाज आहे. परंतु किडनी बदलून आलेल्या माणसाला हाच रिवाज अपाय करू शकतो. तो का, हे समजून घेतले म्हणजे त्याला खरा आराम कसा द्यावा हेही कळेल.

एका माणसाची किडनी दुसऱ्याला यशस्वीपणे बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी २३ डिसेंबर १९५४ रोजी केली. देणारा आणि घेणारा हे एकसारखे जुळे भाऊ होते, म्हणून शरीराने ती किडनी परकी मानली नाही. आपल्या देशात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याची किडनी यशस्वीपणे बसवण्यात आली. जुळे नसलेल्या माणसांत मात्र शरीराची प्रतिकारशक्ती नव्या किडनीवर तुटून पडते. ती शक्ती औषधांनी मुद्दाम कमी ठेवावी लागते. राखणीचा कुत्रा बांधून ठेवावा, तसेच हे. तो पाहुण्याला चावत नाही, पण चोर आला तरी त्याला अडवत नाही. आपल्याला साधी सर्दी होते तिथे या रुग्णाला न्यूमोनिया होऊ शकतो. पहिले सहा महिने धोका सर्वांत जास्त असतो.

अंथरूण, कपडे आणि झोप

नवी किडनी पाठीत बसवत नाहीत. ती ओटीपोटात, जांघेच्या वर, उजव्या किंवा डाव्या बाजूला बसवतात. जुन्या किडन्या बहुधा तशाच ठेवतात. म्हणून घट्ट नाडी, करगोटा किंवा पट्टा तिथे काचू देऊ नये. कपडे सैल असावेत. जमिनीवर चटई घालण्यापेक्षा गुडघ्याइतक्या उंचीची खाट बरी. उठताना आधी कुशीवर वळावे, मग हाताने रेटा देऊन बसावे. खोकला किंवा हसू आले तर जखमेवर उशी दाबून धरावी. साधारण सहा आठवडे चार-पाच किलोंहून अधिक वजन उचलू नये. भरलेला तांब्या चालेल, भरलेली घागर नाही.

प्रेडनिसोलोन या गोळीने भूक वाढते, चेहरा सुजतो, झोप उडते आणि माणूस चिडचिडा होतो. सकाळच्या न्याहारीनंतर ती घेण्यास डॉक्टरांनी सांगितले असेल तर ती वेळ रात्रीवर ढकलू नये. टॅक्रोलिमसने हात कापतात. चहाचा कप अर्धाच भरावा, म्हणजे रुग्णाला सांडण्याची लाज वाटत नाही. चेहऱ्यावरून चेष्टा करू नये. तो रागावला तर कृतघ्न झाला असे समजू नये. किडनी टिकेल का, ही भीती त्याला रात्री-अपरात्री छळते. अशा वेळी सल्ला देण्यापेक्षा जवळ शांत बसून राहणे अधिक उपयोगी पडते.

औषधाची वेळ

टॅक्रोलिमस बहुधा दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने देतात. सकाळी आठ तर रात्री आठ. रक्त तपासायच्या दिवशी मात्र सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची असते, म्हणून ती खिशात नेावी. आता बरे वाटते, किंवा हातात पैसे नाहीत, म्हणून गोळी बंद करू नये. शरीर किडनी नाकारू लागते तेव्हा पुष्कळदा काहीच दुखत नाही, आणि कळते तोवर उशीर झालेला असतो. पैशांची अडचण असेल तर गोळ्या संपण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावी.

दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी, गावठी काढा, झाडपाला यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. पपनस खाऊ देऊ नये, कारण त्याने रक्तातले औषध प्रमाणाबाहेर वाढते. टॅक्रोलिमसने रक्तात पोटॅशियम साठू शकते. शहाळे आणि केळी यांत पोटॅशियम पुष्कळ असते, म्हणून तीही विचारूनच द्यावीत.

गोठा, शेत आणि स्वयंपाकघर

शेतकऱ्याला घरी बसणे जड जाते. चार पावले अंगणात जरूर चालू द्यावे, पण गोठा, उकिरडा आणि ओलसर, बुरशी धरलेला कडबा यांपासून त्याला दूर ठेवावे. त्या बुरशीची धूळ श्वासावाटे छातीत गेली तर जिवावर बेतते. पुढे डॉक्टरांनी शेतात जायची परवानगी दिली तरी पायात बूट, हातांत मोजे आणि डोक्यावर टोपी हवी. या औषधांमुळे उन्हाने कातडीचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

धारोष्ण दूध देऊ नये. दूध आणि पाणी दोन्ही उकळून द्यावे. अन्न ताजे, गरम आणि नीट शिजलेले असावे. कच्ची मोड आलेली कडधान्ये व कच्ची अंडी टाळावीत. जेवण वाढणाऱ्याने आधी हात साबणाने धुवावेत.

रोज सकाळी वजन, ताप आणि लघवीचे प्रमाण वहीत लिहावे. ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक, लघवी कमी होणे, वजन एकाएकी वाढणे, पायांवर सूज, किडनीच्या जागी दुखणे, जखमेतून पू, उलट्या किंवा जुलाब, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी इस्पितळाला कळवावे. गोळी देऊन ताप दाबून टाकू नये.

घरातला दुसरा रुग्ण

आता एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही. आमच्या माहितीतल्या एका घरात पत्नीने पतीला किडनी दिली. पंधरा दिवसांत तीच चुलीपुढे बसली, तीच शेणघाण काढू लागली, आणि पतीला पाहायला येणाऱ्यांना चहाही तीच करून देत होती. येणारा प्रत्येक जण तिला विचारी, "दादा कसे आहेत?" ती कशी आहे, हे कोणी विचारले नाही.

आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक आहेत. देणाऱ्याचे पोटही कापलेले असते. त्या बाईलाही काही आठवडे घागर उचलू देऊ नये आणि ओणवे होऊन कष्ट करू देऊ नयेत. एका किडनीवर निरोगी जगता येते, परंतु दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि रक्त यांची तपासणी करून घ्यावी लागते. रुग्णासोबत इस्पितळात जाल तेव्हा तिचीही तपासणी चुकवू नका.

शेजाऱ्यांनी काय करावे

पहिले काही महिने रुग्णाला गर्दीत जाता येत नाही. तो मिस्साला दिसला नाही तर गैरसमज करून घेऊ नये. फादरांना निरोप दिल्यास ते कम्युनियन घरी आणून देतील. भेटायला जायचे तर एकट्याने जावे, तोंडाला मास्क लावावा आणि थोडाच वेळ बसावे. स्वतःला किंवा घरात कोणाला सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये.

त्याऐवजी त्यांच्या म्हशीची धार काढून द्यावी. दोन घागरी पाणी उंबऱ्यापर्यंत आणून ठेवावे. त्यांच्या शेताच्या पाण्याची पाळी आपण सांभाळावी. तालुक्याला जाणार असाल तर औषधाची चिठ्ठी मागून घ्यावी. आणि दारातूनच का होईना, त्या घरच्या बाईला आधी विचारावे, "बाई, तू कशी आहेस?"