आजारी न दिसणारा कळप कसा तपासायचा?

मागच्या भागानंतर इंदूरजवळ गोठा असलेल्या एका श्रोत्याने विचारलं, "कर्नलसाहेब, माझं एकही जनावर आजारी नाही. मग रक्ततपासणीवर पैसे कशाला घालवू?" प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला आज तुम्हाला जरा लांब, युरोपात नेतो.

तिथे गुरांना बेस्नॉयटिओसिस नावाचा रोग होतो. बेस्नॉयटिया बेस्नॉयटी हा एकपेशीय परजीवी त्याला कारण. रोग नवा नाही, १९१२ मध्ये फ्रान्समध्येच त्याचं वर्णन झालं होतं. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरात आणि पोर्तुगालमध्ये तो वर्षानुवर्षं मुक्कामाला होता. मग तो हातपाय पसरू लागला. इटली, जर्मनी, स्वित्झर्लंड अशा ठिकाणी सापडला, आणि २०१० साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याला 'उदयोन्मुख' रोग म्हटलं. माणसाला तो होत नाही. पण शेतकऱ्याचं कंबरडं मोडतो.

आधी ताप येतो, अंगाला सूज येते. पुढे कातडी जाड, सुरकुतलेली, हत्तीसारखी होते. वळूच्या अंडकोषांना सूज येऊन तो कायमचा निकामी होऊ शकतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रव्याच्या कणांसारखे बारीक दाणे दिसतात. त्या परजीवीच्या गाठी असतात. जनावर उजेडाकडे नीट उभं करून डोळा पाहिला, तर साध्या नजरेलाही कळतं. युरोपात यावर खात्रीचं औषध नाही आणि लसही नाही.

आता खरी गोम. लागण झालेल्या बहुतेक जनावरांत बाहेरून काहीच दिसत नाही. ती चरतात, दूध देतात, आणि परजीवी मरेपर्यंत अंगात बाळगतात. चावणाऱ्या मोठ्या माश्या एका जनावराला चावून लगेच दुसऱ्याला चावल्या, की तोंडाबरोबर परजीवीही नेतात. उन्हाळ्यात चार गावांचे कळप एकाच डोंगरकुरणावर आले, किंवा बाजारातून एक देखणा वळू विकत आणला, की काम झालं. म्हणजे दिसणारे आजारी मोजले, तर तुम्ही शत्रूची फक्त पुढची चौकी मोजली. मागे किती आहेत याचा पत्ताच नाही.

म्हणून रक्तातली प्रतिद्रव्यं तपासतात. किती जनावरांची? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. पन्नास गुरांच्या कळपात पाच बाधित आहेत असं धरा, आणि चाचणी अचूक आहे असंही धरा. तुम्ही कुठलीही दहा तपासली, तर एकही बाधित न सापडण्याची शक्यता ३१ टक्के आहे. बावीस तपासली तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. पण बाधित एकच असेल, तर बावीस तपासूनही तो निसटण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, ५६ टक्के. त्यामुळे छोट्या कळपात नमुना निवडण्याचा हिशेब करत बसू नये, सगळीच तपासावीत. 'लंगडी, रोड तेवढी दाखवतो' असं म्हणणारा मालक तर सर्वेक्षणच वाया घालवतो.

उलटी बाजूही आहे. हजार गुरांत दहाच बाधित आहेत आणि चाचणी निरोगी जनावरांपैकी दोन टक्क्यांना चुकून बाधित म्हणते, असं समजा. खरे दहा सापडतील, आणि सोबत वीस निरपराध. तीसही कसायाकडे पाठवले तर? एका गरीब माणसाची दुभती गाय त्यात असू शकते. निओस्पोरासारख्या जवळच्या परजीवीमुळेही अशी गफलत होऊ शकते. म्हणून संशयित नमुना वेस्टर्न ब्लॉट या दुसऱ्या पद्धतीने पडताळतात. शिवाय लागण अगदी ताजी असेल, तर प्रतिद्रव्यं तयारच झालेली नसतात आणि अहवाल निर्दोष येतो. नवं जनावर वेगळं ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात ते याचसाठी.

जाता जाता, हे तंत्र आपल्याला परकं नाही. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या सैन्यातल्या पशुवैद्याला डेरा इस्माईल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात सर्राचा परजीवी दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिलं म्हणून दिसला. सर्राही चावणाऱ्या माश्यांमुळेच पसरतो.

तर इंदूरच्या आमच्या मित्राला उत्तर. तुमच्या गोठ्यात बेस्नॉयटिओसिस निघेल असं मी म्हणत नाही. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा थायलेरिया आणि हा सर्रा, यांची काळजी आधी करा. तिथेही हीच अडचण आहे. थायलेरियातून बरं झालेलं जनावर परजीवी बाळगून असतं, आणि काचपट्टीवरच्या रक्तात तो इतका विरळ असतो की नजरेतून सुटतो. पीसीआर चाचणीत तो सापडू शकतो. तेव्हा पुढची गाय विकत घ्याल, ती पहिल्या दिवशीच गोठ्यात बांधू नका. वेगळी बांधा, गोचीड काढा, पशुवैद्यांना बोलवून रक्त द्या, आणि अहवाल येईपर्यंत घरातल्यांनी कितीही घाई केली तरी तिला कळपात सोडू नका.