दिल्लीत अर्थशास्त्र शिकायचे असेल तर तयारी अकरावीच्या फॉर्मपासून

बारावीचा निकाल लागला की आमच्या अभ्यासिकेत पालकांची ये-जा वाढते. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. नीटला इतके गुण आहेत, कुठे लागेल? सीईटी राहिली, आता काय? तीन-चार वर्षांपूर्वी एका मुलीने वेगळाच प्रश्न विचारला. तिला दिल्ली विद्यापीठात बीए ऑनर्स इकॉनॉमिक्स करायचे होते. कॉमर्सची विद्यार्थिनी, बारावीला ८९ टक्के, वडील रिक्षा चालवतात. आम्ही उत्साहाने माहिती काढायला बसलो आणि अर्ध्या तासात गप्प झालो. अकरावीला तिने गणित सोडून एस.पी. म्हणजे सेक्रेटेरिअल प्रॅक्टिस घेतले होते. कॉलेजच्या फॉर्मवर दोन्हींपैकी एक निवडायचे होते आणि "कॉमर्सला गणित कशाला, टक्के कमी होतील" असा सल्ला तिला मिळाला होता. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्या एका खुणेने दीड वर्ष आधीच दार बंद झाले होते. खरे सांगायचे तर तोवर आम्हालाही हे माहीत नव्हते.

म्हणून हा लेख. तो मुख्यतः दहावी-अकरावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे.

अर्थशास्त्र आपल्या समाजाला परके नाही. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. परत आल्यावर १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात हाच विषय शिकवत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२१ मध्ये एमएस्सी आणि १९२३ मध्ये डीएस्सी त्यांनी मिळवली. पुढे १९५३ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉमर्स व इकॉनॉमिक्स कॉलेज सुरू केले. जयंतीच्या भाषणात 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'चे नाव सगळेच घेतात. पण ते पुस्तक समजून घ्यायला जे शिक्षण लागते ते आज कुठे मिळते, तिथे कसे जायचे, हे त्याच व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. आमची ही जुनी तक्रार आहे.

आता प्रक्रिया. दिल्ली विद्यापीठात पूर्वी बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश होत असे आणि २०२१ मध्ये काही ठिकाणी कट-ऑफ थेट शंभर टक्क्यांवर गेली होती. २०२२ पासून सीयूईटी ही देशपातळीवरची संगणकावरची परीक्षा आली. बारावीचे गुण आता उत्तीर्ण होण्यापुरते लागतात, निवड सीयूईटीच्या गुणांवर होते. एका विषयाला ५० प्रश्न, ६० मिनिटे, एकूण २५० गुण. बरोबर उत्तराला ५, चुकीला वजा १. जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात.

बीए ऑनर्स इकॉनॉमिक्ससाठी एक भाषा, गणित आणि आणखी दोन विषय लागतात. बिझनेस इकॉनॉमिक्स किंवा मॅनेजमेंट स्टडीजसाठी भाषा, गणित आणि सामान्य चाचणी. म्हणजे कुठूनही गेलात तरी गणित चुकत नाही. फक्त बीकॉम ऑनर्सला गणिताऐवजी अकाउंटन्सीचा पर्याय आहे, आणि त्या मुलीला आम्ही शेवटी तोच रस्ता दाखवला. विद्यापीठाचा नियम असा की बारावीला जे विषय घेतले त्याच विषयांची सीयूईटी धरली जाते. बारावीनंतर गणिताचा क्लास लावून हे भरून निघत नाही.

भाषेबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. सीयूईटीच्या तेरा भाषांत मराठी आहे. बारावीला मराठी असेल तर भाषेचा पेपर मराठीचा देता येतो आणि त्याचे २५० गुण इंग्रजीच्या २५० गुणांइतकेच मोजले जातात. आपल्याकडे मात्र मुले स्कोअरिंग म्हणून मराठी सोडून आयटी घेतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाने हा विचार नक्की करावा. बाकी विषयांची प्रश्नपत्रिका मराठीतून मागता येते, पण तो मोह टाळा असे आम्ही सांगतो. पुढे तीन-चार वर्षे शिकायचे आहे ते इंग्रजीतून, आणि 'सीमांत खर्च' वाचून मनात 'मार्जिनल कॉस्ट' उमटवत बसलात तर परीक्षेत वेळ जातो.

अभ्यासक्रम एनसीईआरटीचा आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांचा खरा घात इथे होतो. आपल्या पुस्तकातले सगळे पाठ असूनही प्रश्न अनोळखी वाटतात. एनसीईआरटीची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. महागडा क्लास लावण्याआधी ती छापून घ्या. आमच्या अभ्यासिकेत अकरावी-बारावीच्या गणिताचे दोन संच आहेत आणि ते कायम कुणाच्या तरी घरी असतात.

अंदाजाने उत्तर द्यावे का, हेही मुले विचारतात. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर चारदा एकदा ५ मिळतात आणि तीनदा १ जातो, म्हणजे चार प्रश्नांत सरासरी २ गुणांचा फायदा. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळले तर फायदा आणखी वाढतो. वेळ उरला असेल तर प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. पुढे अर्थशास्त्रात याच हिशेबाला अपेक्षित मूल्य म्हणतात.

दाखल्यावरचा शब्द

आता सर्वात नाजूक भाग. महाराष्ट्रात आपल्या मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात काय काय असते ते पाहा. कुठे 'बौद्ध', कुठे 'नवबौद्ध', कुठे 'महार', कुठे 'हिंदू महार'. एकाच घरातल्या दोन भावांचे वेगळे. राज्यातल्या सवलतींसाठी 'नवबौद्ध' चालते, कारण राज्याने ते मान्य केले आहे. केंद्राचे तसे नाही.

अनुसूचित जातींची केंद्रीय यादी १९५० च्या घटनात्मक आदेशातून आली. त्यात सुरुवातीला फक्त हिंदू धर्मातील जाती धरल्या, १९५६ मध्ये शीख आणि थेट १९९० मध्ये बौद्ध समाविष्ट झाले. म्हणजे धर्म बौद्ध असल्याने आज काही अडत नाही. पण यादी जातींची आहे. तिच्यात 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' नावाची जात नाही. म्हणून केंद्रीय विद्यापीठासाठी केंद्राच्या नमुन्यातला, मूळ जातीचे नाव स्पष्ट लिहिलेला दाखला लागतो.

आमच्या ओळखीच्या एका मुलाला दिल्लीतल्या चांगल्या कॉलेजात जागा मिळाली होती. कागद तपासणीत दाखल्यावर फक्त 'नवबौद्ध' आहे म्हणून शंका निघाली. त्याचे काका तालुक्याच्या कार्यालयात सहा दिवस खेटे घालत होते. एक दिवस सर्व्हर बंद, एक दिवस साहेब दौऱ्यावर, एक दिवस आजोबांचा जुना पुरावा आणा. नवा दाखला हातात आला तेव्हा फेरीची मुदत संपून दोन दिवस झाले होते. तो आता जिल्ह्याच्या ठिकाणी बीकॉम करतो. भेटला की आम्ही त्या विषयावर बोलत नाही.

यावर घराघरांत एक वाद असतो आणि तो आम्ही हलका मानत नाही. ज्या आजीने १९५६ नंतर ते नाव पुन्हा तोंडातून काढले नाही, तिच्या नातवाने ते सरकारी कागदावर लिहून आणायचे. "जात सोडली म्हणून तर धम्म घेतला ना?" असे एका आजीने आम्हाला विचारले, तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही इतकेच म्हणतो: हा दाखला ओळख सांगत नाही, झालेल्या अन्यायाची नोंद सांगतो. फॉर्मवर धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि प्रवर्गाच्या रकान्यात एससी लिहायचे. दोन्हींत कायद्याने काही विसंगती नाही. बौद्ध हा अल्पसंख्याक समुदाय आहे, ती खूण केल्याने एससी प्रवर्ग जात नाही. मात्र दिल्लीतील अल्पसंख्याक कॉलेजे ख्रिश्चन किंवा शीख संस्थांची आहेत, तिथल्या त्या राखीव जागा आपल्यासाठी नाहीत.

दाखला अकरावीतच काढा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल शोधायला वेळ लागतो. नॉन-क्रिमीलेअर एससीला लागत नाही, ते ओबीसींसाठी आहे. सेतू केंद्रावर कुणी मागितले तर पैसे घालवू नका.

जागावाटप

सीयूईटी दिली म्हणजे दिल्ली विद्यापीठाचा अर्ज झाला असे नाही. त्यांच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते आणि निकालानंतर कॉलेज व अभ्यासक्रम यांच्या जोड्यांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. इथे आपली मुले दहा-बारा पर्याय भरून थांबतात. शक्य तितके भरा, शंभर झाले तरी चालतील. क्रम मात्र प्रामाणिक ठेवा, जे सर्वात हवे ते सर्वात वर. पहिल्या फेरीत जागा मिळाली की मुदतीत स्वीकारावीच लागते. "याहून चांगले मिळेल" म्हणून गप्प बसलात तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जाते. जागा स्वीकारून 'अपग्रेड'चा पर्याय घेतला की वरच्या पसंतीची आशा कायम राहते.

केंद्रीय संस्थांत एससीसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत, महाराष्ट्रात १३ टक्के. गुण पुरेसे असतील तर एससी विद्यार्थ्याला खुल्या जागेवरही प्रवेश मिळतो. वर्गात कुणी "तू कोट्यातून का?" असे विचारले तर हे माहीत असलेले बरे. उत्तर द्यायलाच हवे असे मात्र नाही.

तिथे गेल्यावर

पहिल्याच सत्रात सूक्ष्म अर्थशास्त्र, गणिती पद्धती आणि संख्याशास्त्र असे तीन मुख्य विषय असतात. वर्तमानपत्रातली अर्थसंकल्पाची चर्चा म्हणजे अर्थशास्त्र असे समजून गेलेल्या मुलाला धक्का बसतो, कारण फळ्यावर डेरिव्हेटिव्ह असते. एक नग जास्त बनवला तर खर्च किती वाढतो, हा प्रश्न साधा आहे. त्याची भाषा कॅल्क्युलस आहे.

आमच्या अनुभवात आपल्या मुलांची एक बाजू भक्कम असते, पण त्यांना ती कळत नाही. बचत गटात आईने दरमहा शेकडा २ ने कर्ज घेतलेले असते. ते वर्षाला २४ टक्के झाले हे सगळ्यांना येते. व्याज थकून मुद्दलात मिळत गेले तर वर्षाअखेर १०० चे जवळपास १२७ होतात, हे चक्रवाढीचे गणित जिने घरात सोसले आहे तिला ते सूत्र परके राहत नाही. तसेच पुढे अर्थमिती हा विषय येतो. शिष्यवृत्ती मिळालेली मुले जास्त शिकली, तर ती शिष्यवृत्तीमुळे, की मुळात धडपडी घरेच अर्ज भरतात म्हणून? वस्तीत काम करताना हा प्रश्न आम्हाला रोज पडतो. तो आकड्यांनी सोडवण्याची रीत या पदवीत शिकवतात. समाजशास्त्रात एमए करूनही आम्हाला ती नीट आली नाही, याची खंत आहे.

पहिल्या सत्रात गुण पडतात. घाबरून परत येण्याचा विचार बहुतेकांच्या मनात ऑक्टोबरच्या सुमारास येतो. वरच्या वर्गातल्या एका तरी विद्यार्थ्याशी आधीच ओळख करून ठेवा, जुन्या नोट्स तिथूनच मिळतात. कॉलेजात एससी-एसटी कक्ष असतो, त्याचा दरवाजा पहिल्या महिन्यातच पाहून ठेवा.

दिल्लीच हवी असेही नाही. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट १९३० पासून आहे आणि तिथे अर्थशास्त्राची बीएस्सी होते. मुंबईत सिडनहॅम आहे. महाराष्ट्रात राहिलात तर वसतिगृह न मिळालेल्या एससी व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यात तिची रक्कम वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत जाते. इंदूर आणि रोहतकच्या आयआयएममध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, फी मोठी आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या एससी कुटुंबांसाठी केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे, पण ती यादीतल्या संस्थांनाच लागू होते. संस्थेचे नाव आधी पाहा. परदेशासाठीची राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, बारावीनंतर लगेच नाही.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे आणि बाहेरच्या राज्यात शिकत असलात तरी ती आपल्या मूळ राज्याकडून मिळते. पैसे उशिरा येतात, पहिले सहा महिने घरून काढावे लागतील असे धरूनच चला. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, एप्रिलमध्ये नवा काढा. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जात येत नाही. जागा थोड्या असतात आणि कॉलेजचा वेगळा फॉर्म असतो, तो प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी भरा.