सशाला लंघन सोसत नाही

पोट बिघडलं की एक वेळ लंघन, हा आपल्या घराघरांतला जुना उपाय. धडधाकट कुत्र्यालाही तो बहुधा सोसतो. ससा आणि गिनीपिग यांच्या मात्र तो जिवावर बेतू शकतो. सशाने बारा तास तोंडाला काही लावलं नाही, तर डॉक्टर ती तातडीची बाब मानतात. शस्त्रक्रियेनंतर, दातांच्या दुखण्यात किंवा सर्दी-खोकल्यात हे प्राणी खायचे थांबतात, तेव्हा त्यांना घरी सिरिंजने भरवावं लागतं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ससे आणि गिनीपिग पाळणाऱ्यांवर ही वेळ कधी ना कधी येतेच.

याचं मूळ त्यांच्या पचनाच्या रचनेत आहे. गवतातले तंतू फोडणारी विकरं या प्राण्यांकडे नाहीत. ते काम लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या अंधांत्र नावाच्या पिशवीतले जिवाणू करतात. सशाच्या पचनमार्गातला साधारण ४० टक्के ऐवज या एकाच पिशवीत असतो. मोठं आतडं आलेल्या मालाची वर्गवारी करतं. जाड तंतू सरळ पुढे जाऊन कोरड्या, गोल लेंड्या होतात आणि बारीक कण मागे फिरून अंधांत्रात आंबायला जातात. तिथून मऊ, ओलसर लेंड्या बाहेर पडतात. त्यांत प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं असतात, म्हणून प्राणी त्या लगेच खाऊन टाकतो. पाहणाऱ्याला किळस येते, पण त्याचं ते दुसरं जेवण असतं. जाड तंतू पचत नाहीत, तरी आतड्याला हलतं ठेवतात ते हेच.

खाणं थांबलं की हा सगळा कारभार मंदावतो. पोटातला ऐवज कोरडा आणि घट्ट होतो, अंधांत्रात नको ते जिवाणू माजतात, वायू धरतो, कळा येतात आणि कळांमुळे प्राणी आणखीच खात नाही. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे तीही सुटका नाही. उपाशी शरीर चरबी मोकळी करून यकृताकडे पाठवू लागतं. लठ्ठ जनावराचं यकृत त्या चरबीखाली दबून निकामी होऊ शकतं.

म्हणून इथे भरवणं हा औषधोपचाराचाच भाग.

अडचण अशी, की हे प्राणी दुखणं लपवतात. रानात शिकार होणाऱ्या जिवाला अशक्तपणा दाखवणं परवडत नाही. २०१२ साली संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी तयार केली: मिटत आलेले डोळे, चपटे झालेले गाल, ताणलेली नाकपुडी, आवळून मागे घेतलेले कान. घरी त्याहून सोपी साधनं दोन. पहिलं पिंजऱ्याचा तळ. लेंड्या बारीक, कमी किंवा वेड्यावाकड्या दिसू लागल्या की समजावं. दुसरं स्वयंपाकघरातला वजनकाटा. प्रौढ गिनीपिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. आजारपणात ते रोज ठरावीक वेळी करून लिहून ठेवलं, तर डोळ्यांना न दिसणारी घट कागदावर दिसते.

भरवण्याआधी डॉक्टरांना दाखवणं मात्र टाळता येत नाही. पोट टणक फुगलेलं असेल तर आतड्यात अडथळा असू शकतो आणि वरून अन्न ढकलल्याने अनर्थ होतो. कान गार पडलेला, मलूल प्राणीही आधी उबेत आणावा लागतो, त्याच्या अंगात पाणी जावं लागतं आणि दुखणं थांबवणारं औषध द्यावं लागतं. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे-गिनीपिग पाहत नाहीत. त्यामुळे असे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आजारपण येण्याआधीच जवळ असलेला बरा.

अन्न म्हणून गवताच्या बारीक भुकटीचं तयार खाद्य मिळतं. ऑक्सबो कंपनीचं ‘क्रिटिकल केअर’ हे त्यातलं प्रसिद्ध नाव. ते रात्री-बेरात्री हाताशी नसेल तर नेहमीचे पेलेट कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून वेळ मारून नेता येते. दूध, पाव, बिस्किट, भाताची पेज यांतलं काहीही देऊ नये. पिठूळ आणि गोड पदार्थांवर अंधांत्रातले घातक जिवाणू पोसतात. एक किलोच्या गिनीपिगला दिवसाला साधारण ५० ते ८० मिलिलिटर मिश्रण लागतं. ते चार ते सहा वेळांत विभागायचं आणि नेमकं प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं. ६० मिलिलिटर पाच वेळांत वाटलं, तर एका बैठकीला १२ मिलिलिटर होतात, म्हणजे एक मिलिलिटरच्या बारा सिरिंज. आजारपणातला दिवस याच हिशेबात जातो.

भुकटी इडलीच्या पिठाइतकी सरसरीत भिजवतात. ती सिरिंजच्या बारीक तोंडात अडकते, म्हणून अनेक जण गाळून घेतात आणि आतड्याला हवे असलेले तंतूच चाळणीत राहतात. त्यापेक्षा सिरिंजचं टोक कापून, कडा घासून गुळगुळीत केलेली बरी. प्राण्याला टॉवेलमध्ये गुंडाळून, पाय खाली आणि पोटाला आधार राहील असं मांडीवर किंवा टेबलावर धरतात. उताणं कधीच करत नाहीत. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूने टोक आत सरकवायचं. समोरून घातलं तर ते दातांवर आपटतं. एका वेळी अर्धा मिलिलिटर द्यायचा आणि थांबायचं. जबडा आडवा हलताना दिसला, घोट गेला, की पुढचा अर्धा. घाईत घशात सोडलेलं अन्न श्वासनलिकेत उतरतं आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. प्राणी झगडू लागला तर दहा मिनिटं सोडून पुन्हा धरतात. शेवटी हनुवटी ओल्या कापडाने पुसायची, नाहीतर खाली राहिलेल्या लगद्याने कातडी सोलवटते.

गिनीपिगच्या बाबतीत आणखी एक बाब जपावी लागते, ती म्हणजे जीवनसत्त्व क. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात ते तयार होत नाही. नॉर्वेत ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांना १९०७ साली हे योगायोगाने कळलं. जहाजावरच्या बेरीबेरीचा अभ्यास करताना त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य घातलं, तर त्यांना खलाशांचा तो जुना रोग, स्कर्व्ही, झाला. पुढे १९३२ मध्ये हंगेरीतल्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी गिनीपिगवरच प्रयोग करून जीवनसत्त्व क ओळखलं आणि तिथल्या पाप्रिका मिरचीतून ते भरपूर प्रमाणात वेगळं काढलं. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं. आजही गिनीपिगच्या ताटात ढोबळी मिरचीचा तुकडा असतो, तो याच कारणाने. निरोगी गिनीपिगला किलोमागे दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम क लागतं, आजारात त्याहून जास्त. खाणं बंद पडलेल्या गिनीपिगला ते थेंबांतून द्यावं लागतं. पाण्याच्या बाटलीत मिसळलेलं जीवनसत्त्व लवकर निकामी होतं.

घरातल्या कपाटातली औषधं मात्र या प्राण्यांपासून दूर ठेवावीत. ऑक्सफर्डमध्ये २५ मे १९४० रोजी पेनिसिलिनची पहिली महत्त्वाची परीक्षा आठ उंदरांवर झाली आणि ती यशस्वी ठरली. तीन वर्षांनी अमेरिकेतल्या संशोधकांनी नोंदवलं, की हेच औषध गिनीपिगना मारतं. ते अंधांत्रातले उपयोगी जिवाणू संपवतं आणि रिकाम्या जागेत विष तयार करणारे क्लॉस्ट्रिडियम वाढतात. माणसांना सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिन याच घराण्यातली. सशालाही ती तोंडावाटे देणं धोक्याचं असतं.

सिरिंज चालू असतानाही पिंजऱ्यात ताजं, कोरडं गवत आणि कोथिंबिरीच्या चार काड्या ठेवायच्याच. भुकटीने पोट भरतं, पण दाढा झिजवायला गवतच लागतं. या प्राण्यांचे दात आयुष्यभर वाढत राहतात. प्राणी स्वतः गवत ओढू लागला, लेंड्या पूर्ववत झाल्या आणि वजन सलग दोन-तीन दिवस टिकलं, की एकेक बैठक कमी करतात. वजन पुन्हा उतरलं तर काढलेली बैठक परत सुरू करतात. तेवढ्यानेही सुधारणा झाली नाही, तर मागच्या दाढांना टोकं आली आहेत का ते पाहावं लागतं. त्या तोंडाच्या इतक्या आत असतात, की नीट पाहायला आणि घासायला बहुधा भूल द्यावी लागते. त्यानंतरचे काही दिवस पुन्हा सिरिंजचेच असतात.