लोकलमधून नेता येईल अशी दुर्बीण

नवी मुंबईतून चंद्र, गुरू आणि शनी दुर्बिणीने चांगले दिसतात. अंधूक तेजोमेघ आणि दीर्घिका मात्र शहराच्या उजेडात बुडून जातात. त्या पाहायच्या तर वाशी-नेरूळच्या हौशी निरीक्षकाला ठाणे गाठून कर्जत लोकलने वांगणीकडे जावे लागते. मुंबईचे खगोल मंडळ वांगणीत आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत आले आहे. त्यामुळे इथे घरी बांधायच्या दुर्बिणीची नळी सुटी करून नेता येणारी हवी.

घरगुती बांधणीला न्यूटनने १६६८ मध्ये बनवलेला परावर्ती प्रकार सोयीचा पडतो. त्यात तळाशी अंतर्गोल मुख्य आरसा, तोंडाजवळ ४५ अंशांत तिरका बसवलेला छोटा सपाट आरसा आणि नळीच्या बाजूला नेत्रिका असते.

नळीची मापे मुख्य आरशावरून ठरतात. आरसा १५० मिलिमीटर व्यासाचा आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा असेल, तर नळीचा आतला व्यास सुमारे १८० मिलिमीटर ठेवतात. नळीच्या मध्यापासून नेत्रिकेतल्या प्रतिमेपर्यंतचे अंतर १८० मिलिमीटर धरले, तर ते १२०० मधून वजा करून छोटा आरसा मुख्य आरशापासून १०२० मिलिमीटरवर बसवावा लागतो. तिथे प्रकाशाचा झोत साडेबावीस मिलिमीटरपर्यंत निमुळता झालेला असतो. म्हणून सुमारे ३५ मिलिमीटरचा सपाट आरसा पुरतो.

एवढी नळी पीव्हीसी पाइपचीही होते, पण ती सव्वा मीटरच्या आसपास लांब आणि जड असते. त्याऐवजी तिचे तीन भाग करता येतात. खाली मुख्य आरशाची प्लायवुडची पेटी, वर छोटा आरसा आणि फोकसर (नेत्रिका पुढेमागे सरकवणारा भाग) धरणारी दोन कड्यांची चौकट, आणि मध्ये दोघांना जोडणारे ॲल्युमिनियमचे आठ पाइप. हे पाइप जोडीजोडीने तिरके लावले की त्रिकोण तयार होतात आणि सांगाडा डगमगत नाही. प्रत्येक पाइपवर व त्याच्या खाचेवर सारखाच क्रमांक घातला की अंधारातही जुळणी चुकत नाही. बाहेरचा उजेड अडवण्यासाठी सांगाड्याभोवती काळे कापड ताणून बसवतात. पेटी आणि चौकट आतून चकाकी नसलेल्या काळ्या रंगाने रंगवतात.

सुटी नळी जोडली की आरसे थोडे हलतातच. म्हणून मुख्य आरशाच्या मागे तीन स्क्रू ठेवतात आणि दर वेळी ते फिरवून आरसे एका रेषेत आणतात. जुळलेली नळी जिथे तोलली जाते, तिथे तिच्या दोन्ही बाजूंना गोल चकत्या लावतात. त्या जॉन डॉब्सन यांनी लोकप्रिय केलेल्या साध्या लाकडी बैठकीत टेकतात. वेगळा तिवई-स्टँड लागत नाही.

खाडीकाठच्या दमट हवेत प्लायवुड मरीन प्रतीचे घ्यावे आणि कापलेल्या कडांसह सगळीकडे वॉर्निश द्यावे. आरशांवरचा ॲल्युमिनियमचा थर ओलाव्याने खराब होतो. म्हणून पावसाळ्यात आरसे सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावेत. दुर्बीण सूर्याकडे मात्र कधीही रोखू नये. क्षणभर पाहिले तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.