रेशीम शेडची भिंत आतून तपासा

जालन्यात २०१८ मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि मराठवाड्यातल्या तुतीवाल्यांना जवळचा बाजार मिळाला. आपल्याकडची बरीच संगोपनगृहे पत्र्याची आहेत. पत्रा ऊन लागताच तापतो, म्हणून आतून थर्माकोल किंवा ग्लासवूल लावतात. एकदा लावले की तिकडे कोणी बघत नाही, आणि अळ्या मेल्या की दोष अंडीपुंजांना!

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका शेडवरून बोलावणे आले. अळ्या शेवटच्या अवस्थेत, कोष चार-पाच दिवसांवर. "साहेब, पाला चांगला, भुकटीबी टाकली. मग अळी सुजून का मरती?" शेतकरी रडवेला झाला होता. दुपारचे तीन वाजले होते. पश्चिमेच्या भिंतीवर आतून तळहात फिरवला, तर वरच्या भागावर हात ठेववेना आणि खाली गारवा. ग्लासवूल ओले होऊन खाली घसरले होते, वरचा पत्रा उघडा पडला होता. मर जास्त होती ती त्याच बाजूच्या रॅकवर. मोठ्या अळीला २४-२५ अंश तापमान मानवते. रोगाचे विषाणू शेडमध्ये असले तर उष्णतेने ते अधिकच जोर धरतात. ती बॅच गेलीच.

तेव्हा भर उन्हात तुम्हीही असा हात फिरवून बघा. जिथे चटका लागेल किंवा ओल लागेल, तिथे खूण करा. पण लगेच नवा थर आणायला धावू नका. आधी पाणी कुठून येते ते शोधा. बहुधा स्क्रूखालचा रबरी वॉशर उन्हाने तडकलेला असतो. दुसरे पाणी आतलेच असते. तुतीच्या पाल्यात सुमारे ७० टक्के पाणी असते, आणि थंडीच्या रात्री आतली दमट हवा गार पत्र्याला लागली की तिथे घाम धरतो. म्हणून नव्या थरावर आतल्या बाजूने, म्हणजे अळ्यांकडच्या बाजूने, प्लॅस्टिकचा कागद सलग लावून सांधे चिकटपट्टीने बंद करावेत.

ओला थर वाळवून पुन्हा लावायचा मोह होतो, कारण पैसे गेलेले असतात. तो लावू नये. बसलेले ग्लासवूल पुन्हा फुगत नाही, आणि ओलीत बुरशी राहते. ओल दिसते तिच्यापेक्षा हातभर पुढेपर्यंत कापून काढा. तोंडाला फडके, हातात मोजे हवेत. काचेचे तंतू अंगाला खाजतात. पत्रा तारेच्या ब्रशने घासा, रेड ऑक्साइड लावा आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. निर्जंतुकीकरणाच्या ब्लीचिंग पावडरने पत्रा गंजतो, म्हणून तळाची कड नीट बघावी. नवा थर जमिनीपासून वीतभर वर ठेवला म्हणजे धुण्याचे पाणी त्यात चढत नाही.

थर्माकोल लावणार असाल तर पेट्रोल किंवा थिनर असलेला गोंद वापरू नका, थर्माकोल विरघळतो. एकाने असा गोंद लावला, सकाळी भिंतीला जाळी! पट्ट्या ठोकून बसवणे बरे. तो पेटतोही लवकर, तेव्हा विजेची वायर पाइपमधूनच न्या. आणि उंदीर, मुंग्या, वाळवी दिसली म्हणून त्या भिंतीत कीटकनाशक मारू नका हो. रेशीम अळी हीसुद्धा कीडच आहे, तिला ते आधी लागते. उंदरासाठी बारीक जाळी मारा, सापळा लावा.

छप्पर मात्र विसरू नका. दुपारचे ऊन सगळ्यांत जास्त तेच झेलते. पैसा कमी असेल तर आधी छप्पर, मग पश्चिमेची भिंत, मग दक्षिणेची. उत्तरेची राहिली तरी चालेल.

हे काम दोन बॅचच्या मधल्या काळातच करा. काम संपल्यावर शेडचे पुन्हा निर्जंतुकीकरण लागेल, त्याचे दिवस धरूनच चॉकीची नोंदणी करावी. वर सांगितलेल्या शेतकऱ्याने भिंत उघडली तेव्हा आत उंदरांची दोन घरटी आणि बारा स्क्रूंपैकी सात वॉशर फुटलेले निघाले.