मिरगाची वाट पाहणारे

मृगाची पहिली सर निपाणीच्या माळावर पडली की ओल्या मातीवर लाल मखमली ठिपके चालू लागतात. पोरं ते काडेपेटीत भरतात. हा मिरगाचा किडा काही आभाळातून पडत नाही. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीतच गप्प पडून असतो. मातीत दडी मारणारे बेडूकही तसेच. डबकं आटलं की खाली शिरायचं, श्वास मंद करायचा आणि अंगच्या चरबीवर दिवस काढायचे.

बांधावरच्या फड्या निवडुंगाची रीत वेगळी. दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून तो आपली छिद्रं रात्री उघडतो आणि तेव्हाच हवा आत घेतो.

दुष्काळ म्हटलं की नजर अथणीकडे जाते, घाटाकडच्या खानापूरकडे नाही. पण त्या धो-धो पावसाच्या सह्याद्रीतही जांभ्या सड्यांवर माती जेमतेम बोटभर असते. पाऊस सरला की खडक तापतो. तिथली काही गवतं आणि नेचे वाळून कुरकुरीत होतात, मेल्यासारखेच दिसतात, आणि पाणी मिळताच पुन्हा हिरवे होतात. पश्चिम घाटातल्या अशा वनस्पतींच्या पूर्वी नऊच जाती ठाऊक होत्या. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेच्या अभ्यासाने त्यांची संख्या 62 वर नेली.

तरी या भागातला खरा वस्ताद म्हणजे शाळू, म्हणजेच रब्बीची ज्वारी. पाऊस संपताना पेरायचा आणि काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर काढायचा. मोहोळच्या मालदांडी 35-1 या वाणाची ख्याती याच गुणावर उभी आहे. ताण पडला की पान सुरळीसारखं गुंडाळतं आणि उन्हाला कमी अंग दाखवतं. वरचा मेणाचा थर ओल धरून ठेवतो. मुळं खोल उतरतात. फार झालं तर शाळू वाढच थांबवतो आणि सर आली की पुढं चालू लागतो. हट्टानं वाढत राहणारा मका इथंच हरतो. शेतकरीही हातभार लावतो: कोळपं फिरवून भेगा बुजवतो, नाहीतर त्या मुळं तोडतात आणि खालची ओल उडवतात.

या थांबण्याची एक काळी बाजूही आहे. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचं द्रव्य असतं; ताणात ते वाढतं आणि जनावराच्या पोटात त्यातून सायनाइड सुटतं. म्हणून पावसानं ओढ दिली असेल तर गुडघाभर, कोमेजलेल्या ज्वारीत जनावर सोडू नका. पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत दावं आखूडच ठेवा.